तानाग्राची बाई: साच्यापासून रंगापर्यंत

साच्यातून काढलेली मूर्ती म्हणजे हलक्या दर्जाचं काम, असं मानणारे आमच्या पेणमध्येही आहेत आणि चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्येही होते. भाजक्या मातीच्या छोट्या मूर्ती करणाऱ्याला ग्रीक लोक कोरोप्लाथोस म्हणत. इसोक्रेटिस नावाचा वक्ता स्वतःची बाजू मांडताना म्हणतो की, मला कोर्टातली भाषणं लिहून देणारा म्हणणं म्हणजे अथेना देवीचा पुतळा घडवणाऱ्या फिडियसला कोरोप्लाथोस म्हणण्यासारखं आहे. इसोक्रेटिस इ.स.पू. ३३८ मध्ये गेला. त्याच सुमाराला, त्याच अथेन्समध्ये या कोरोप्लाथोसांच्या हातून वीतभर उंचीच्या, अंगभर वस्त्र लपेटलेल्या बाया निघू लागल्या. फिडियसची अथेना आज कुठेच उरलेली नाही. या बाया मात्र पॅरिस, लंडन, बर्लिन, न्यू यॉर्क, सगळीकडे काचेमागे उभ्या आहेत.

त्यांना तानाग्राच्या म्हणतात, कारण त्या ढिगाने सापडल्या त्या अथेन्सच्या उत्तरेला, बिओशिया प्रदेशातल्या तानाग्रा या गावी. १८७० च्या सुमाराला तिथल्या जुन्या थडग्यांवर गावकऱ्यांच्या आणि चोरट्यांच्या कुदळी पडल्या. सरकारमान्य उत्खनन सुरू होईपर्यंत हजारो थडगी उकरून झाली होती. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या मूर्ती मांडल्या गेल्या आणि युरोपभर त्यांचं वेड पसरलं. शैली मूळची अथेन्सची. तानाग्राच्या कारागिरांनी ती उचलली आणि इ.स.पू. २०० च्या आसपासपर्यंत चालवली.

मी पेणची. घरात गणपतीचा कारखाना. पुढे मी सिरॅमिक्स शिकले आणि आता शिकवते. तानाग्राची बाई मी विद्यार्थ्यांकडून मुद्दाम करून घेते, कारण साचा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरी कुठलीच मूर्ती दाखवत नाही. खाली दिलेली रीत तीच आहे. ज्याला माती मळता येते आणि ज्याच्या ओळखीत एखादी भट्टी आहे, त्याला जमेल.

आधी कपडा समजून घ्या

मूर्तीचे फोटो बघताना चेहऱ्यावर रेंगाळू नका, कपडा बघा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दोन मूर्ती आहेत. एकीला ‘निळ्या वस्त्रातली बाई’ म्हणतात. दुसरीला ‘सोफोक्लियन’, कारण तिची पांघरण्याची ढब सोफोक्लिस या नाटककाराच्या एका प्रसिद्ध पुतळ्याशी जुळते. दोन्हींचे फोटो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहेत. पाठीमागून काढलेला फोटो मिळाला तर तो नक्की बघा, त्याचं कारण पुढे येईलच.

या बायांच्या अंगावर दोन वस्त्रं असतात. आत पायघोळ, पातळ खितॉन. त्याच्या चुण्या सरळ खाली पडतात आणि पावलांपाशी तेवढ्या दिसतात. वरून हिमातियॉन, म्हणजे न शिवलेला एक मोठा आयताकृती कपडा, बहुतेकदा लोकरीचा. तो पाठीवरून घेतात, उजवा हात आत ठेवूनच छातीवरून ओढतात आणि टोक डाव्या खांद्यावर टाकतात. काही जणी तोच डोक्यावरून घेतात. हेराक्लिडीस नावाचा इ.स.पू. तिसऱ्या शतकातला प्रवासी शेजारच्या थीब्सच्या बायकांविषयी लिहितो की, त्या डोक्यावरून वस्त्र असं घेतात की फक्त डोळे दिसावेत. अशा तोंड झाकलेल्या मूर्तीही आहेत.

मैत्रिणीला पातळ शाल अशीच पांघरायला लावा. साडी चालणार नाही, तिला निऱ्यांची शिस्त असते. आता मैत्रिणीला आतल्या हाताची मूठ छातीशी आणून कपडा थोडा ओढायला सांगा आणि वजन एका पायावर टाकून दुसरा गुडघा सैल सोडायला सांगा. लगेच तीन गोष्टी दिसतील. मुठीपासून चुण्या पंख्यासारख्या फाकतात. सैल गुडघ्यावर कपडा ताणून बसतो, तिथे एकही चुणी राहत नाही. आणि दोन पायांच्या मधल्या पोकळीत सगळा गोळा होतो. तानाग्राची अर्धी जादू या तीन जागांत आहे. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाऊण वळणातून फोटो काढून ठेवा.

कपड्याआड लपलेला हात हा या कारागिरांचा लाडका खेळ. बोटं दिसत नाहीत, पण कपड्याखाली मनगट कुठे वळलंय ते कळतं. ते जमलं की मूर्ती उभी राहिली म्हणायची.

माती

शाडू नको. गणपतीची शाडू आपण कच्चीच रंगवतो. ही मूर्ती भट्टीत जाणार आहे. कुंभाराकडची लाल माती पाण्यात कालवून ८० नंबरच्या जाळीतून गाळून घ्या, किंवा स्टुडिओसाठी मिळते ती बारीक टेराकोटा माती घ्या. वाळू किंवा भाजक्या मातीचा चुरा मिसळायचा मोह टाळा, साच्यातली बारीक चुणी मग उठत नाही. मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले तर माती अजून मळायची आहे.

मातीची एक पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरवर दोन रेघा मारा. पट्टी वाळवून, भाजून पुन्हा मोजा. समजा ९ सेंटिमीटर उरले, तर तुमची माती दहा टक्के आकसते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. मूळ मूर्ती २२ सेंटिमीटरची केली आणि तिच्यावरून मातीचा साचा घेऊन भाजला, तर साच्यातली पोकळी साधारण २० ची उरते आणि त्यातून निघालेली भाजकी मूर्ती १८ च्या आसपास. कोणी त्या १८ च्या मूर्तीवरूनच नवा साचा घेतला तर पुढची पिढी आणखी बुटकी आणि आणखी बोथट. पुरातत्त्ववाले जुन्या मूर्तींच्या पिढ्या लावतात त्या अशाच: मोजपट्टी धरतात आणि कानाच्या पाळीपाशी किती तपशील उरलाय ते बघतात. प्लास्टरचा साचा आकसत नाही, त्यामुळे तिथे एकच घट धरायची.

जुन्या मूर्ती बहुतेक १५ ते २५ सेंटिमीटरच्या आहेत, क्वचित तिशीच्या वर जातात. पहिल्यांदा २२ ची मूळ मूर्ती धरा.

मूळ मूर्ती

मातीची करा किंवा मेणाची. डोकं करू नका. हात कपड्याबाहेर येत असेल तर तोही करू नका. पंखा, टोपी, काहीच नको. फक्त मानेपासून पावलांपर्यंतचं धड, आणि खांद्यांच्या मधे मान बसायला एक उथळ खळगा.

साच्याच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच: माती जिथून आत जाते तिथूनच बाहेर आली पाहिजे. प्रत्येक चुणी तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद हवी. चुणीच्या कडेला आत वळणारी खाच राहिली की ती साच्यात अडकते. आमच्या कारखान्यात अण्णा मूळ मूर्तीवर अंधारात आडवी बॅटरी धरून बघायचे. कुठे काळी, तीक्ष्ण कडेची सावली पडली तर तिथे खाच आहे समजायचं. मीही तेच करते. गणपतीला आता रबराचे साचे आले, ते सोलून काढता येतात, त्यामुळे खाचांची भीती गेली. इथे मुद्दाम जुनी शिस्त पाळा, कारण तानाग्राच्या चुण्यांना जो एक मोकळा, वाहता आकार आहे तो याच बंधनातून आलाय.

चुण्या कोरताना सगळ्या सारख्या खोलीच्या करू नका. मुठीपासच्या दोन-तीन खोल, बाकीच्या जाता जाता विरलेल्या. लाकडी कोरणीने रेघ ओढून झाली की ओल्या बोटाने तिची एकच कड मऊ करा, दुसरी कड तशीच धारदार राहू द्या. लोकर अशीच पडते.

साचा

ग्रीक कारागीर बहुतेक भाजक्या मातीचाच साचा वापरत. प्लास्टरचेही साचे सापडले आहेत. घाई असेल तर प्लास्टर, पण एकदा तरी मातीचा करून बघा.

मातीच्या साच्यासाठी मूळ मूर्ती कडक व्हायला हवी, मातीची असेल तर भाजूनच घ्या. मूर्ती पाठीवर आडवी ठेवा. दोन्ही कुशींना, खांद्यापासून घोट्यापर्यंत, सगळ्यात रुंद भागावरून पेन्सिलीने एक रेघ मारा. रेघेच्या वरचा भाग पुढच्या साच्यात, खालचा मागच्या. मूर्तीवर चाळलेली राख किंवा टाल्कम पावडर हलकी भुरभुरवा. मग बारीक मातीची पातळ पोळी पुढच्या भागावर ठेवून मधून बाहेर दाबत जा, हवा अडकता कामा नये. तिच्यावर आणखी माती चढवून जाडी दोन सेंटिमीटरपर्यंत न्या. चामड्याइतका कडक झाला की साचा उचला आणि आतून तपासा. एखादी चुणी बुजली असेल तर ती साच्यातच, उलट्या बाजूने, कोरून मोकळी करता येते. वाळवून ८०० अंशांच्या आतच भाजा. जास्त भाजला तर साचा पाणी शोषत नाही, आणि पाणी शोषलं नाही तर माती सुटत नाही.

पाठीचा साचा? बहुतेक तानाग्रांची पाठ सपाट-गोलसर, जवळजवळ कोरीच असते. या मूर्ती चारी बाजूंनी बघायच्या नव्हत्या; थडग्यात, देवळात, घरात, कुठेतरी टेकून ठेवायच्या होत्या. म्हणून पाठीला वेगळा साचा न करता मातीची एक बाकदार पोळीही चालते. विद्यार्थी पाठीवरही चुण्या काढायला बसतात. मी तो वेळ पुढच्या बाजूला द्यायला लावते.

दोन साच्यांतून पोकळ मूर्ती काढण्याची रीत महाराष्ट्रालाही जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहनकाळातल्या अशा मूर्ती मिळाल्या, केओलिनच्या बारीक पांढरट मातीच्या. ही रीत रोमशी चाललेल्या व्यापारातून इकडे आली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलात तर मूर्तीच्या कुशीवरची जोडाची रेघ शोधा.

दाबणी

माती पाच-सहा मिलिमीटर जाडीची लाटून घ्या. साच्यात एकाच तुकड्याने भरा. लहान लहान गोळे चिकटवत गेलात तर बाहेरून त्यांच्या मधल्या भेगा उमटतात. अंगठ्याने मधून कडेकडे दाबा, मुठीच्या आणि गुडघ्याच्या जागी जरा जास्त. आत अंगठ्याचे खड्डे उमटतील, ते गुळगुळीत करायची गरज नाही. जुन्या मूर्तींच्या पोटातही कारागिरांच्या बोटांचे ठसे तसेच राहिलेत. कडा साच्याच्या तोंडापेक्षा तसूभर उंच ठेवा, म्हणजे जोडताना माती मातीला भिडते.

माती स्वतःहून साच्यापासून किंचित सुटेपर्यंत थांबा. मार्च-एप्रिलमध्ये हे तासाभरात होतं, जुलैत कोकणात अर्धा दिवस धरा. पंखा लावून घाई केली तर पावलांपाशी तडा जातो.

पुढचा आणि मागचा भाग साच्यातच असताना दोन्ही कडांना सुईने आडवे-तिरके ओरखडे मारा, त्याच मातीचा दाट घोळ लावा आणि साचे एकमेकांवर दाबा. मूर्ती बाहेर काढल्यावर जोडावर मातीची बारीक वळी दाबून कोरणीने एकजीव करा.

मग पाठीवर, कंबरेच्या वर, पातळ सुरीने एक भोक कापा. रुपयाच्या नाण्याएवढं पुरे. जुन्या मूर्तींत ते गोलही दिसतं आणि चौकोनीही. पुष्कळांना वाटतं की हे आतली हवा जायला असतं, नाहीतर मूर्ती फुटेल. हवेने मूर्ती फुटत नाही. मातीत उरलेल्या ओलाव्याची वाफ होते, ती फोडते. भोकामुळे पोट आतूनही वाळतं आणि उरलेली वाफ निघायला वाट मिळते. जाड भिंतीची मूर्ती भोक असूनही फुटेल, म्हणून पाच-सहा मिलिमीटरवर माझा हट्ट.

आता खरं काम

साच्यातून एक बिनडोकाची, बिनहाताची बाई निघाली. शेजारी दुसरी, तिसरी ठेवा, सगळ्या सारख्या. इथून पुढे तानाग्राचा कारागीर वेगळा पडतो. लूव्रमधल्या, ब्रिटिश म्युझियममधल्या मूर्ती शेजारी शेजारी लावून बघितल्या की कळतं: एकाच धडावर वेगवेगळी डोकी आहेत, एकच डोकं वेगवेगळ्या धडांवर आहे, आणि तरी कुठलीही बाई दुसरीची नक्कल वाटत नाही.

डोक्याचा छोटा, दोन भागांचा साचा वेगळा करा. डोकं लहान ठेवायचं, पूर्ण उंचीच्या आठव्या भागाइतकं. बावीस सेंटिमीटरला पावणेतीन. आपल्याकडे गणपतीमुळे डोकं मोठं करायची सवय हाताला लागलेली असते, ती इथे नडते. मानेखाली खुंटीसारखं टोक ठेवा, म्हणजे ते खळग्यात बसवून हवं तसं फिरवता येतं.

फिरवा. वजन ज्या पायावर आहे त्याच्या उलट बाजूला डोकं किंचित वळवलं की बाई कुणाची तरी वाट बघतेय असं वाटतं. त्याच बाजूला वळवून हनुवटी खाली घेतली की ती स्वतःशीच काही घोकतेय. डोकं अगदी सरळ ठेवलं तर ती फोटोला उभी राहिलेली दिसते. सरळ ठेवू नका. हा निर्णय घोळ लावायच्या आधी, नुसतं डोकं खळग्यात टेकवून घ्या आणि मूर्तीपासून दोन पावलं मागे जाऊन बघा. एकदा घोळ लागला की मान फिरवताना ती पिळते आणि सुकल्यावर तिथेच चीर जाते.

केस साच्यात अर्धेच येतात. त्या काळातली एक आवडती केशरचना खरबुजाच्या फाकांची: कपाळापासून मागे केसांचे उभे भाग पाडून आवळायचे आणि मागे अंबाडा. या फाकांमधल्या रेघा सुईने नव्याने ओढा, साच्यातल्या रेघेवर विसंबू नका. अंबाडा मातीच्या छोट्या गोळीचा, हातानेच. कानात मोत्याएवढी गोळी दाबली की झाली कुडी.

टोपी म्हणजे थोलिया. मधे टोक असलेली पातळ चकती, डोक्यावरून घेतलेल्या वस्त्रावरच टेकवलेली. पंख्याचा आकार पानासारखा. पातळ पोळीतून कापा आणि कडा बोटाने किंचित वळवा, नाहीतर तो पत्र्याचा वाटतो. हात कपड्याबाहेर असेल तर तो आता जोडा. काही जणींच्या हातात पंखा, काहींच्या चेंडू, काही बसून हाडांच्या फाशांनी खेळताहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये तशी ओणवी बसून खेळणारी एक जोडी आहे, ती दक्षिण इटलीतल्या कापुआची म्हणून नोंदलेली. पण पहिल्याच खेपेला बसलेली बाई करायला घेऊ नका, गुडघ्याखालच्या खाचा साच्याला फार छळतात.

शेवटी पातळ कोरणीने सगळ्या मूर्तीवरून एकदा फिरा. साच्यात विरलेली मुठीजवळची एखादी चुणी पुन्हा धारदार करा. पायाला पातळ चौकोनी पाट जोडा.

पांढरा हात आणि भट्टी

मूर्ती अजून थोडी ओलसर असतानाच तिला पांढऱ्या मातीचा पातळ हात द्यायचा. ग्रीक कारागीरही भाजण्याआधीच तो देत. केओलिन पाण्यात कालवा, दुधाइतकं पातळ ठेवा, थोडी तुमचीच माती पाव भागापर्यंत मिसळा म्हणजे दोन्ही थर सारखे आकसतील. मऊ ब्रशने दोन पातळ हात. जाड थर दिलात तर चुण्या बुजतात आणि भाजल्यावर पापुद्रे निघतात.

सावलीत, वर सैल प्लास्टिक टाकून, पूर्ण वाळू द्या. गालाला लावून बघा. थंड लागली तर अजून ओल आहे. भट्टी १२० अंशांपर्यंत फार हळू नेऊन तिथे काही तास थांबवा. ५७३ अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी एकदम फुगते, त्या टप्प्यावर घाई नको, आणि उतरतानाही नको. ८०० ला बंद करा. जास्त भाजल्याने मूर्ती कणखर होते, पण पृष्ठभाग रंग प्यायचं सोडतो.

रंग

लोकांच्या डोक्यात ग्रीक मूर्ती म्हणजे पांढरी किंवा तांबूस. तानाग्राच्या बाया रंगीत होत्या, चांगल्याच भडक. रंग भाजल्यानंतर लावलेला असायचा, म्हणून तो जमिनीत बराचसा झडला. निळ्या वस्त्रातल्या बाईच्या कपड्याच्या काठावर सोन्याचा वर्खसुद्धा दिसतो.

रंगांची पेटी साधी आहे. केसांना गेरू, थोडा काजळीने काळवंडलेला. तांबूस-तपकिरी केस हेच जास्त दिसतात. पिवळ्यासाठी पिवडी. ओठांना तांबडा, ग्रीक हिंगूळही वापरत, पण ते पाऱ्याचं संयुग आहे, घरात आणू नका, गेरूच घ्या. निळा म्हणजे इजिप्शियन निळा, तांबं, चुना आणि वाळू एकत्र भाजून केलेला मानवनिर्मित रंग. तो आजही मिळतो, पण महाग आहे. अल्ट्रामरीनमध्ये थोडा पांढरा घालून जवळपास जाता येतं. या निळ्याचा एक गुण अभ्यासकांना फार उपयोगी पडतो: साध्या प्रकाशात ठेवला की तो अवरक्त किरण सोडतो. त्यामुळे डोळ्यांना कोरी दिसणारी जुनी मूर्तीसुद्धा खास कॅमेऱ्यात चमकते आणि कपड्याचा काठ कुठून गेला होता ते कळतं.

गुलाबी मात्र स्वतः करा, त्याचा आनंद वेगळा. ग्रीक तो मंजिष्ठाच्या कुळातल्या झाडाच्या मुळांपासून काढत. आपली मंजिष्ठा त्याच झाडाची बहीण आहे, तिच्या मुळांची पूड आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळते. ५० ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर तासभर ठेवा, ६०-७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उकळलं की रंग तपकिरीकडे झुकतो. दोनदा गाळा. गरम पाण्यातच २५ ग्रॅम तुरटी विरघळवा. आता धुण्याचा सोडा, ८ ग्रॅमच्या आसपास, पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने सोडा. जोरात फेस येतो, म्हणून भांडं निदान चौपट मोठं घ्या, आणि ते स्वयंपाकाचं नसावं. फेस यायचा थांबला की हात थांबवा. थोड्या वेळाने वरचं पाणी फिकट होतं आणि तळाशी गाळ बसू लागतो. पाणी ओतून टाका, ताजं घाला, पुन्हा बसू द्या. असं तीनचारदा करून फडक्यात गाळा आणि सावलीत वाळवा. खलबत्त्यात घोटलेली ही पूड पांढऱ्या मातीवर लागली की जो गुलाबी येतो तो ट्यूबमधल्या कुठल्याच गुलाबीत नाही.

चिकटायला मी बाभळीचा डिंक वापरते, पाण्यात अगदी पातळ. डिंक जास्त झाला की रंग चमकतो, आणि चमकलेली तानाग्रा प्लास्टिकची दिसते. सपाट भागावर रंग एकाच हाताने ओढा. चुण्यांच्या तळाशी मुद्दाम गडद रंग भरू नका, तिथे सावली आपोआप पडते.

चेहरा सगळ्यात शेवटी. त्वचेला पांढऱ्यात किंचित गुलाबी. डोळ्यांची आखणी इथे गणपतीसारखी ठसठशीत नको. वरच्या पापणीची एक बारीक तपकिरी रेघ, बुबुळाचा ठिपका, भुवईची फिकट रेघ, बस. ओठांवर रंगाचा एकच टिपका मधे ठेवून कोरड्या ब्रशने दोन्हीकडे ओढा.

शेवटची दोन कामं

वॉर्निश मारू नका. धूळ मऊ ब्रशने झटका, पाण्याचा हात लावलात तर डिंक सुटेल.

पाटाखाली तुमची सही आणि साल कोरा, तेही भाजण्याआधीच. एकोणिसाव्या शतकात मागणी इतकी वाढली की तुटक्या मूर्तींचे तुकडे जुळवून ‘पूर्ण’ मूर्ती विकल्या गेल्या, झडलेले रंग नव्याने चढवले गेले, आणि कोऱ्या बनावट मूर्तींचाही बाजार भरला. त्यातल्या कित्येक बड्या संग्रहांत जाऊन बसल्या. मातीचा कण तापवून ती शेवटची कधी भाजली गेली हे सांगणारी चाचणी विसाव्या शतकात आली तेव्हा त्या पकडल्या गेल्या. म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून, माती चोळून मूर्ती जुनी दिसवण्याचा नाद माझ्या वर्गात चालत नाही. नवी आहे, नवीच दिसू दे.

साचा धुऊन सावलीत वाळवा. दर दाबणीत त्याची धार थोडी झिजते. मुठीजवळच्या चुण्या बोथट यायला लागल्या की नवा साचा घ्या, पण तो मूळ मूर्तीवरून, साच्यातून निघालेल्या बाईवरून नव्हे. त्यासाठी मूळ मूर्ती कापडात गुंडाळून जपून ठेवा, आणि खोक्यावर मातीच्या घटीचा आकडा लिहा.